ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकातील प्रोसेसर व रॅमची निवड

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकाचा प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे होय. अशा वाढीव वेगावर चालणारा डेस्कटॉप संगणक कामाला अपुरा पडू लागला, की नवा प्रोसेसर बसवावा, रॅम वाढवावी, की दोन्ही बदलावे, असा प्रश्न निर्माण होतो. साध्या संगणकाच्या तुलनेत येथे निर्णय अधिक अवघड असतो. ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकातील बहुतेक भाग आधीच आपल्या मर्यादेच्या जवळ चालत असतात. एक भाग बदलला, की उरलेल्या भागांसाठी जुळवलेले आकडे लागू राहत नाहीत. कोकणासारख्या उष्ण व दमट प्रदेशात, उदाहरणार्थ रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड, सव, पोलादपूर या पट्ट्यात, ही मर्यादा आणखी जवळ येते.

पार्श्वभूमी

प्रोसेसरचे काम एका ठरावीक ठोक्यावर चालते. मदरबोर्डवरील स्फटिकाच्या कंपनांवरून मूळ वारंवारता, म्हणजे बेस क्लॉक, मिळते आणि प्रोसेसर तिला एका गुणकाने गुणून स्वतःचा वेग ठरवतो. आधुनिक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये बेस क्लॉक सामान्यतः १०० मेगाहर्ट्झ असतो. गुणक ४२ असल्यास प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झ वेगाने चालतो. एकाच सिलिकॉन चकतीवरून कापलेले सर्व प्रोसेसर सारख्या गुणवत्तेचे निघत नाहीत. उत्पादक त्यांची चाचणी घेऊन, प्रतवारी करून, सुरक्षित अंतर राखलेल्या वेगाने त्यांची विक्री करतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा हे राखीव अंतर वापरून टाकतो.

ही प्रथा वैयक्तिक संगणकाइतकीच जुनी आहे. १९८४ मध्ये आलेल्या आयबीएम एटी या ६ मेगाहर्ट्झच्या संगणकातील स्फटिक बदलून काही वापरकर्ते तो ८ मेगाहर्ट्झने चालवत असत. १९९८ मधील इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रोसेसर मानला जातो. त्याचा गुणक ४.५ होता. बोर्डवरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले आणि बरेच महाग प्रोसेसर गाठत असे. त्याच काळात कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा शिक्का मारून ते विकण्याचे प्रकार जागतिक बाजारात होऊ लागल्यामुळे उत्पादकांनी गुणकाला कुलूप घातले. पुढे कुलूप उघडलेले प्रोसेसर वेगळी श्रेणी म्हणून विकले जाऊ लागले. २०११ मधील कोअर आय५-२५००के हे त्याचे लोकप्रिय उदाहरण असून नावातील ‘के’ हे अक्षर गुणक बदलता येतो असे सांगते.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती पालटली आहे. आजचे प्रोसेसर तापमान, विद्युतप्रवाह व कामाचा भार पाहून स्वतःचा वेग क्षणोक्षणी वाढवतात. पूर्वी वापरकर्त्याच्या हाती लागणारे राखीव अंतर आता बहुतांशी उत्पादकच वापरतो. त्यामुळे जुन्या ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्राचा मालक नवा प्रोसेसर घेताना ‘तोही तीस-चाळीस टक्के वाढवता येईल’ असा हिशेब धरून चालला, तर त्याची निराशा होते.

वेग, विद्युतदाब आणि उष्णता

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.० वरून ४.४ गिगाहर्ट्झ केला आणि तो टिकवण्यासाठी विद्युतदाब १.२० वरून १.३२ व्होल्ट करावा लागला, तर दोन्ही वाढी दहा टक्क्यांच्याच दिसतात. परंतु शक्ती १.१ च्या घनाच्या पटीत, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. १५० वॅट घेणारा प्रोसेसर २०० वॅट घेऊ लागतो.

ही उष्णता बाहेर टाकणारा पंखा किंवा पाण्यावर चालणारा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा खाली जाऊ शकत नाही. तो केवळ फरक ठरवतो. एखादा कूलर दर वॅटमागे ०.३ अंश फरक ठेवतो असे गणितापुरते मानल्यास १५० वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी, तर २०० वॅटला ६० अंशांनी अधिक तापेल. वातानुकूलित खोलीत, २४ अंशांवर, हे आकडे ६९ व ८४ येतात. वैशाखातल्या दुपारी ३८ अंशांच्या खोलीत तेच ८३ व ९८ होतात. अनेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि वीज व पैसा खर्चून मिळवलेली वाढ नेमकी कामाच्या वेळी नाहीशी होते.

खरेदीपूर्वीची तपासणी

अपग्रेडचा विचार करताना पहिले पाऊल बाजाराकडे नव्हे, तर बायोसच्या पडद्याकडे टाकावे लागते. सर्व मूल्ये उत्पादकाच्या मूळ स्थितीत आणून संगणक काही दिवस नेहमीच्या कामासाठी वापरल्यास दोन गोष्टी उघड होतात. ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रत्यक्ष कामात किती फरक पडत होता, हे कळते. अनेकदा तो अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो. शिवाय अधूनमधून येणारी निळी स्क्रीन, अचानक बंद पडणारा प्रोग्राम अशा तक्रारी मूळ वेगावर थांबल्या, तर दोष भागांच्या वयाचा नसून जुळवणीचा होता, हेही स्पष्ट होते. अशा वेळी खरेदीची गरजच उरत नाही.

त्यानंतर अडथळा कोठे आहे ते पाहिले जाते. विंडोजमधील टास्क मॅनेजर यासाठी पुरेसा आहे. काम चालू असताना रॅमचा वापर सतत ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क धडधडत असेल, तर रॅम अपुरी आहे. सर्व कोअर पूर्ण भरलेले असतील, तर प्रोसेसर अपुरा आहे. एखादाच कोअर भरलेला आणि बाकीचे रिकामे असतील, तर कोअरची संख्या वाढवून फायदा होत नाही. प्रत्येक कोअर अधिक कार्यक्षम असलेला प्रोसेसर हवा. खेळ खेळताना ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर प्रोसेसर व रॅम दोन्ही बदलूनही चित्र फारसे बदलत नाही.

लग्नसमारंभाचे चित्रीकरण संपादित करणारा छायाचित्रकार, लग्नपत्रिका व फलक तयार करणारा डीटीपी व्यावसायिक आणि खेळांसाठी संगणक वापरणारा विद्यार्थी यांची उत्तरे म्हणूनच वेगळी असतात. पहिल्याला कोअर व रॅम दोन्ही लागतात, दुसऱ्याला बहुधा केवळ रॅम, आणि तिसऱ्याला मोठी कॅश असलेला प्रोसेसर अधिक उपयोगी पडतो.

रॅमची निवड

रॅमच्या बाबतीत क्षमता आधी, वेग नंतर, असा क्रम आहे. रॅममधून माहिती मिळण्यास सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, तर वेगवान एसएसडीवरूनही त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. रॅम संपली, की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि मग प्रोसेसरचा वाढवलेला वेग वाट पाहण्यातच खर्च होतो.

त्यानंतर चॅनेलचा विचार येतो. सामान्य डेस्कटॉप मदरबोर्डवर रॅमचे दोन चॅनेल असतात. १६ जीबीची एकच पट्टी बसवण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्यास माहितीवहनाची क्षमता दुप्पट होते. डीडीआर४-३२०० प्रकारात ती सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ जीबीवर जाते. दुकानातून तयार घेतलेल्या अनेक संगणकांत एकच पट्टी आढळते. तेथे जोडीची दुसरी पट्टी हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

वेगाच्या जाहिरातीत वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव अधिक असतो. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा, उदाहरणार्थ ३२०० किंवा ६०००, हा दर सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणींचा, दशलक्षांमधील आकडा आहे. विलंब मात्र ‘सीएल’ या दुसऱ्या आकड्याशी निगडित असतो. सीएलला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले, की नॅनोसेकंदांतील विलंब मिळतो. डीडीआर४-३२०० सीएल १६, डीडीआर४-३६०० सीएल १८ आणि डीडीआर५-६००० सीएल ३० या तिन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच येते. डीडीआर४-३२०० सीएल २२ चा विलंब १३.७५, तर डीडीआर५-४८०० सीएल ४० चा १६.७ नॅनोसेकंद निघतो. नवी पिढी म्हणजे प्रत्येक बाबतीत जलद असे नव्हे.

पाकिटावरील वेग आपोआप मिळतो, हाही गैरसमज आहे. रॅम प्रथम जेडेक या संस्थेने ठरवलेल्या प्रमाणित वेगाने सुरू होते. त्यावरील वेगासाठी बायोसमध्ये इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्स्पो हे तयार मापन निवडावे लागते. डीडीआर४ चा प्रमाणित विद्युतदाब १.२ व्होल्ट असून एक्सएमपीमध्ये तो बहुधा १.३५ होतो, म्हणजे हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. अनेकांचे संगणक त्यांच्या नकळत ओव्हरक्लॉक झालेले असतात.

रॅम नियंत्रित करणारा भाग प्रोसेसरच्या आत असल्यामुळे रॅमची कमाल मर्यादा प्रोसेसरवरही अवलंबून असते. एएमडीच्या रायझेन ३००० व ५००० मालिकांत प्रोसेसरच्या अंतर्गत जोडणीचा वेग रॅमच्या वेगाशी जुळलेला राहावा लागतो, आणि ही जुळणी साधारणपणे डीडीआर४-३६०० पर्यंत टिकते. त्यापुढची महाग रॅम घेतली, तर जुळणी सुटून विलंब उलट वाढू शकतो. चार पट्ट्या बसवल्यासही नियंत्रकावरील भार वाढतो. रायझेन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग ५२०० असून चार पट्ट्यांसाठी तो ३६०० पर्यंत उतरतो. जुन्या दोन पट्ट्यांशेजारी नव्या दोन लावून काटकसर करू पाहणाऱ्याने हे लक्षात घेतलेले बरे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, एकाच नावाच्या पट्ट्यांमध्येही आतील चिप निराळ्या असू शकतात. शक्य तेथे एकाच पाकिटातील संच घ्यावा आणि जुना संच विकून टाकावा.

रॅममधील चुकीचे स्वरूप

प्रोसेसर मर्यादेबाहेर गेला, तर संगणक बहुधा बंद पडतो आणि दोष तत्काळ लक्षात येतो. रॅमची चूक याहून घातक असते, कारण ती पुष्कळदा दिसत नाही. एखाद्या बिटमध्ये शून्याचा एक झाला, तरी संगणक चालूच राहतो. तो बिट छायाचित्रातील असेल, तर चित्रावर एक रेघ उमटते. हिशेबाच्या तक्त्यातील असेल, तर रक्कम बदलते. फाइलव्यवस्थेच्या नोंदीतील असेल, तर सबंध कप्पा वाचता येईनासा होतो. चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाते, त्याच डिस्कची प्रत बॅकअपमध्ये जाते आणि काही महिन्यांनी मूळ व प्रत दोन्ही सारखेच बिघडलेले आढळतात. सर्व्हरमध्ये असे दोष दुरुस्त करणारी ईसीसी रॅम वापरतात. सामान्य डीडीआर५ मध्ये चिपच्या आत अशी काही सोय असली, तरी चिप ते प्रोसेसर या मार्गावरील चुकांना तिचे संरक्षण नसते.

या दोषाचा हवामानाशी थेट संबंध आहे. रॅमचा प्रत्येक कण हा सूक्ष्म विद्युतधारित्र असून त्यातील भार सतत झिरपतो, म्हणून तो ठरावीक अंतराने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये हे अंतर ६४ मिलिसेकंदांचे असते आणि चिपचे तापमान ८५ अंशांपुढे गेल्यास ते निम्मे करावे लागते, कारण उष्णतेत भार लवकर झिरपतो. वेग वाढवण्यासाठी काही जण हे अंतर लांबवतात. अशी जुळवणी पौषातल्या थंडीत रात्रभराच्या चाचणीत उत्तीर्ण होते आणि वैशाखात चुका करू लागते.

प्रोसेसरची निवड

प्रोसेसर निवडताना पहिली अट सॉकेटची असते. एएमडीचे एएम४ सॉकेट रायझेनसह २०१७ पासून अनेक पिढ्या टिकले, त्यामुळे जुन्या बोर्डवर बायोस अद्ययावत करून बराच नवा प्रोसेसर बसवता येतो. २०२२ मधील एएम५ मध्ये केवळ डीडीआर५ चालते. इंटेलचे सॉकेट त्या मानाने लवकर बदलत गेले: २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७००, २०२४ मध्ये एलजीए १८५१. यांपैकी एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे आहेत. एकाच्या खाचेत दुसरी पट्टी बसत नाही.

चिपसेटही पाहावा लागतो. इंटेलमध्ये गुणक वाढवण्याची सोय ‘झेड’ मालिकेच्या बोर्डांवर मिळते. साध्या बोर्डवर ‘के’ अक्षराचा महाग प्रोसेसर बसवला, तर त्याचा गुणक वाढवता येत नाही. एएमडीमध्ये ‘बी’ व ‘एक्स’ मालिकांवर ही सोय आहे, ‘ए’ मालिकेवर अधिकृतपणे नाही.

एक उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये ९६ एमबीची तिसऱ्या स्तरावरील कॅश असून त्याचा गुणक कुलूपबंद आहे. ज्याने जुना एएम४ प्रोसेसर परिश्रमपूर्वक ओव्हरक्लॉक केला, त्याला हा बसवताना ते सारे सोडून द्यावे लागते. तरीही खेळांमध्ये हा प्रोसेसर पुढे राहतो, कारण लागणारी माहिती पुष्कळदा कॅशमध्येच सापडते आणि रॅमकडे जाण्याची वेळ कमी येते. त्यासोबत अतिवेगवान रॅम घेण्याचीही गरज पडत नाही. गिगाहर्ट्झचा आकडा हे प्रोसेसरच्या सामर्थ्याचे एकमेव माप नाही. पुण्यातील सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणकदेखील एका अतिवेगवान प्रोसेसरवर नव्हे, तर एकत्र काम करणाऱ्या अनेक ट्रान्सप्युटरवर उभा होता. अर्थात कोअर वाढवण्यालाही मर्यादा आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार कामाचा जो भाग वाटून करता येत नाही, तोच एकूण वाढ ठरवतो. निम्मे काम क्रमानेच करावे लागत असेल, तर कितीही कोअर असले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही.

वापरलेला प्रोसेसर घेताना त्याचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. सतत अधिक विद्युतदाबावर चाललेला प्रोसेसर हळूहळू झिजतो आणि पूर्वीचा वेग टिकवण्यासाठी त्याला आणखी विद्युतदाब लागतो. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर, कोणीही छेडछाड केलेली नसताना, वाढीव विद्युतदाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झालेली झीज अशा सुधारणेने भरून निघत नाही. या पिढ्यांचा प्रोसेसर बसवण्यापूर्वी बोर्डचा बायोस अद्ययावत असणे आवश्यक आहे.

फार जुन्या यंत्रांबाबत निर्णय सोपा आहे. आय५-२५००के सारख्या प्रोसेसरचा बोर्ड डीडीआर३ वापरतो, विंडोज ११ ला तो अधिकृतपणे पात्र नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा बोर्डसाठी नवी रॅम घेण्यात पैसा घालू नये. त्यावर लिनक्स चालवून तो हलक्या कामास ठेवता येतो.

कोकणातील हवामान व वीज

सव हे महाडजवळ सावित्री नदीकाठी वसलेले, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी परिचित असलेले गाव आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग किनाऱ्यापासून आत असल्याने उन्हाळ्यात समुद्रकाठापेक्षा अधिक तापतो. येथील घरांतून संगणकाची खोली बहुधा वातानुकूलित नसते. म्हणून मुंबई-पुण्यातील थंड खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. वर केलेल्या गणिताप्रमाणे खोलीतील १४ अंशांचा फरक प्रोसेसरपर्यंत तसाच पोहोचतो. या पट्ट्यात ६५ वॅट श्रेणीचा प्रोसेसर आणि त्याला गरजेपेक्षा मोठा कूलर, ही जोडी बहुतेकांना पुरेशी व टिकाऊ ठरते.

पावसाळ्यातील दमट हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांना चिकटून थर धरते. पावसाळ्यापूर्वी व नंतर कॅबिनेट स्वच्छ करणे आणि काही वर्षांनी थर्मल पेस्ट बदलणे यांमुळे कधी कधी नव्या कूलरचा खर्च वाचतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात घरादुकानांतून पाणी शिरले होते. कॅबिनेट जमिनीवर न ठेवण्याचे कारण येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बॅकअपची प्रत दुसऱ्या जागी ठेवण्याचे कारणही तेच.

वीज क्षणभर जाऊन पुन्हा येणे हा ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाचा मोठा शत्रू आहे. एटीएक्स मानकाप्रमाणे चांगला एसएमपीएस पुरवठा तुटल्यावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साठवलेली ऊर्जा तेवढीच असल्यामुळे भार वाढला, की हा काळ घटतो. घरगुती इन्व्हर्टर काही वेळा यापेक्षा अधिक वेळ घेतो आणि संगणक मध्येच बंद पडतो. त्या वेळी लिहिली जात असलेली फाइल बिघडते. प्रोसेसरच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढून चांगला एसएमपीएस, यूपीएस आणि नीट अर्थिंग यांवर घालणे येथे अधिक शहाणपणाचे आहे.

खरेदी आणि जोडणीनंतरची चाचणी

सुट्या भागांसाठी महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याची तपकीर गल्ली प्रसिद्ध आहेत. हल्ली बरीच खरेदी ऑनलाइनही होते. महाड-पोलादपूरकडील ग्राहकाला बिघडलेला भाग बदलून आणण्यासाठी पूर्ण दिवस मोडावा लागतो, म्हणून बिल, सीलबंद खोके आणि हमीपत्र यांचे महत्त्व अधिक. खोक्याविना मिळणारा ट्रे प्रोसेसर स्वस्त असतो. पण त्याची हमी उत्पादकाकडून थेट मिळत नाही, विक्रेत्यावर अवलंबून असते. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत सहसा बसत नाही.

नवे भाग बसवण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली जाते आणि जुन्या जुळवणीतील सर्व मूल्ये वहीत टिपून ठेवली जातात, कारण बायोस अद्ययावत करताना ती पुसली जातात. बायोस नेहमी मूळ वेगावर असतानाच अद्ययावत करावा, आणि तोही प्रोसेसर बदलण्याआधी; नवा प्रोसेसर न ओळखणारा बोर्ड पडद्यावर काहीच दाखवत नाही. त्यानंतर सीमॉस साफ करून, नवे भाग मूळ वेगावर चालवून मेमटेस्ट८६+ ने रॅमची रात्रभर चाचणी घ्यावी. एकही चूक आढळली, तर ती पट्टी परत करावी. ‘एखादी चूक चालते’ असे रॅमच्या बाबतीत नसते. मग एक्सएमपी किंवा एक्स्पो लावून तीच चाचणी पुन्हा, आणि सर्वांत शेवटी, गरज उरली असेल तर, प्रोसेसरचा वेग एकेका पायरीने वाढवून प्राइम९५ किंवा ओसीसीटीसारख्या प्रोग्रामने तपासणी. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्यास दोष कोणाचा हे सांगता येत नाही. थंडीच्या दिवसांत जुळवलेले यंत्र एप्रिल-मेमधील भर दुपारी, पंखा बंद ठेवून, आणखी एकदा तपासावे लागते.